जुन्या झाडाला हात लावावा का?



आपल्यापैकी पुष्कळांच्या अंगणात किंवा वाडीत वाडवडिलांच्या हातचे एखादे झाड असेल. रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबाग-नागावपासून मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनपर्यंत, ते बहुधा आंब्याचे असते. आजोबांनी लावलेले हापूसचे कलम, वय साठ-सत्तर वर्षे, बुंधा एकट्याच्या कवेत मावत नाही. त्याच्या सावलीत घरातली लग्ने लागलेली असतात, पोरांचे झोके त्याच्याच फांदीला बांधलेले असतात. मग एखाद्या वर्षी कोणी जाणकार येतो, झाडाभोवती फिरतो, वर बघतो आणि म्हणतो, ‘काका, याला आता छाटायला हवे. मधली फांदी काढा, वरचा भाग उतरवा.’ घरात कोणी लगेच काही बोलत नाही. रात्री हरिपाठ झाल्यावर घरातला वडीलधारा माणूस हळूच विचारतो, ‘ज्या झाडाने इतकी वर्षे खाऊ घातले, त्याच्यावर आता करवत चालवायची?’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपून चालणारी माणसे आपल्यात आहेत. झाडांना नात्यातले मानायला आपल्याला तुकोबारायांनी शिकवले. द्वादशीला तुळशीचे पान खुडायचे नाही, हा नेम आपण पाळतो. मग मांडीएवढी जाड, जिवंत, हिरवी फांदी कापून खाली पाडायची, याला सेवा म्हणायचे की हिंसा? उत्तर शोधण्याआधी आपण झाडाकडे एकदा नीट बघून घेऊ. धर्माचे पुष्कळ प्रश्न वस्तू न पाहताच सोडवायला घेतले जातात, आणि म्हणून सुटत नाहीत.

न छाटलेल्या जुन्या कलमाखाली भर दुपारी उभे राहा. गारवा छान वाटतो. आता वर पाहा. फांद्या एकमेकींत घुसलेल्या, आतल्या भागात पाने जवळजवळ नाहीत, नुसत्या वाळक्या काटक्या. आंब्याला मोहोर येतो तो तयार झालेल्या काडीच्या टोकाला, आणि त्या काडीला ऊन लागते. आत ऊन पोचत नाही म्हणून झाड उन्हाच्या मागे वर वर जात राहते आणि मोहोर येतो तो शेंड्याला चार ठिकाणी. आतल्या ओलसर अंधारात तुडतुड्यांचे फावते, ते मोहोराचा रस शोषून घेतात. त्यातूनही फळ धरले तर झेल्याची काठी तिथवर पोचत नाही. गडी वर चढतो, आणि आंबा काढताना कोणीतरी झाडावरून पडल्याची बातमी कोकणात हंगामाला नवी नसते.

मग बांडगूळ. लांबून बघणाऱ्याला झाड भरगच्च दिसते, पण त्यातली निम्मी पाने आंब्याची नसतात. फुलटोच्या नावाचा एवढासा पक्षी बांडगुळाचे फळ खातो, त्याचे चिकट बी फांदीला लागते, तिथेच रुजते, लाकडात मूळ घुसवते आणि फांदीचे पाणी पिऊ लागते. पुढची फांदी वाळत जाते. वरवर ओरबाडून काढले तर ते पुन्हा फुटते, कारण मूळ आत राहिलेले असते. ते जिथे चिकटले आहे त्याच्या हातभर खालून फांदीच कापावी लागते. भिरूड तर दिसतही नाही. बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला म्हणजे समजायचे की अळी खोड पोखरते आहे. तारेच्या आकड्याने तिला बाहेर काढून भोक बुजवावे लागते.

तेव्हा ‘मी माझ्या झाडाला हात लावणार नाही’ असे म्हणणारा माणूस त्या झाडावर दया करतो आहे का? मला तसे वाटत नाही. पुष्कळदा तो स्वतःच्या मनाला जपत असतो, आणि कधीकधी, स्पष्ट बोलतो त्याची क्षमा असावी, तो नुसता आळस असतो. दयेचे नाव दिल्यावर आळसाला कोणी काही बोलत नाही.

३ जून २०२० ची दुपार या किनाऱ्यावर कोणी विसरलेले नाही. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या आणि आंब्याची जुनी झाडे मुळांसकट उलटली. त्या वर्षी महामारीमुळे पायी वारीही नव्हती. ३० जूनला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरीला गेल्या. इथल्या वारकऱ्याने तो आषाढ घरात बसून काढला, समोर आडवी पडलेली वाडी बघत. छाटलेले झाड पडलेच नसते असे मी म्हणणार नाही, कारण त्या वाऱ्यापुढे विजेचे सिमेंटचे खांबही टिकले नाहीत. पण उंच आणि दाट झाड म्हणजे वाऱ्यासमोर उभारलेले शीड. वारा वाढला की शीड उतरवायचे, हे आमच्या कोळी बांधवांना कोणी शिकवावे लागत नाही. झाडाला आपले शीड स्वतः उतरवता येत नाही.

आता नागावच्या बाजूच्या एका वाडीतली हकीकत सांगतो. नावांचे कारण नाही. दोन भाऊ, सातबारावर दोघांची नावे. थोरला गावात, वय चौऱ्याहत्तर, माळकरी, दरवर्षी वारीला जाणारा. धाकट्याची नोकरी मुंबईत झाली आणि आता तो डोंबिवलीत मुलाकडे असतो. वाडीत वडिलांच्या हातचे कलम. छाटायचे ठरते आहे हे कळल्यावर धाकट्याचा फोन आला. ‘दादा, काहीही कर, पण बाबांच्या झाडाला हात लावू नको.’ दादा गप्प राहिला. फोन वहिनीने घेतला आणि म्हणाली, ‘भावजी, झाड तुमचंच आहे हो. पण पाला मी काढते. पावसात ती फांदी कौलांवर येईल म्हणून रात्र रात्र आम्ही जागतो.’

धाकट्याचे प्रेम खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण तो ज्या झाडावर प्रेम करत होता ते पन्नास वर्षांपूर्वीचे झाड होते. मे महिन्यात आठ दिवस येऊन तो त्याच झाडाखाली बसायचा, आणि त्याला दिसायचेही तेच. वाडीत रोज उभे होते ते दुसरे झाड, बांडगुळाने भरलेले आणि आतून वाळलेले. वहिनी या दुसऱ्या झाडाचा पाला काढत होती. लांबून माया करणाऱ्याला मूर्ती जशीच्या तशी राहायला हवी असते. म्हाताऱ्या आईवडिलांच्या बाबतीतही असेच घडते, आपण घरोघर पाहतो: जवळ असतो तो औषधे, पथ्य, उठणे-बसणे बघतो, आणि लांबचा फोनवरून सांगतो की आईच्या खोलीतले काही हलवू नका.

दादाने शेवटी एवढेच सांगितले, ‘मग तू ये. आठ दिवस राहा. दोघे मिळून बघू.’ कार्तिकात वरसोलीच्या विठोबाच्या जत्रेला तो आला आणि राहिला. दोघे भाऊ सकाळी झाडाखाली उभे राहून एकेक फांदी बघत. लहानपणी जिला झोका बांधायचे ती फांदी आडवी होती, खालची होती, निरोगी होती. ती ठेवली. मधली सरळ वर गेलेली काढायची ठरली. कोणीतरी दादाला म्हणाले, ‘अहो, आता या वयात छाटून फळ तुम्ही कधी खाणार?’ दादा म्हणाला, ‘लावलं तरी मी कुठे होतं?’

इथे मला नाथमहाराजांची आठवण होते. आळंदीला माउलींच्या समाधीजवळचा अजानवृक्ष आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या पारावर बसून ज्ञानेश्वरीचे पारायण केले आहे. त्या वृक्षाची कथाही आपल्याला पाठ आहे. माउलींनी नाथांना स्वप्नात दर्शन दिले आणि सांगितले की अजानवृक्षाचे मूळ कंठाला लागले आहे, ते येऊन काढ. नाथ पैठणहून आळंदीला आले, समाधीचा शोध घेतला, आत गेले आणि ते मूळ त्यांनी दूर केले. कीर्तनात ही कथा ऐकताना आपल्या डोळ्यांना पाणी येते, आणि त्या पाण्यात एक साधी गोष्ट बहुधा निसटून जाते. नाथांनी एका पवित्र वृक्षाच्या मुळाला हात घातला. तो वृक्ष माउलींच्या समाधीवरचा, म्हणजे त्याच्याइतके ‘हात लावू नये’ असे झाड महाराष्ट्रात दुसरे कोणते असेल? तरी नाथ कचरले नाहीत. आणि त्यांनी वृक्ष उपटूनही टाकला नाही. जे मूळ कंठाला लागले होते तेवढे काढले. अजानवृक्ष आजही उभा आहे.

पुढे काय झाले तेही पाहा. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथ शके १२१२ चा. तेव्हा तो जवळजवळ तीनशे वर्षांचा होता, आणि लिहिणाऱ्यांच्या हातून त्यात अपपाठ शिरले होते. त्यांनाही मी ग्रंथावरचे बांडगूळच म्हणेन: लांबून सारी पाने सारखीच हिरवी, जाणत्यालाच कळते की हे पान या झाडाचे नाही. नाथांनी ते काढले. स्वतः एवढे मोठे कवी असून त्यांनी त्यात आपली भर घातली नाही आणि पुढच्यांनीही घालू नये अशी ताकीद देऊन ठेवली. ज्या हाताने मुळाला हात घातला त्याच हाताने ग्रंथ झाडून-पुसून आपल्या हाती दिला. आज आपण जी ज्ञानेश्वरी वाचतो तिच्यामागे ही छाटणी आहे. ‘जुन्याला हात लावू नये’ हा नियम नाथांनी पाळला असता तर आपण काय वाचत असतो, याचा विचार करून बघा.

पण ही कथा ऐकून कोणी लगेच करवत उचलील, म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. हल्ली आमच्या किनाऱ्यावर झाडे कमी छाटली जातात असे नाही. रस्त्याच्या बाजूचा भूखंड विकायचा आहे, गिऱ्हाइकाला बंगल्याच्या गच्चीवरून समुद्र दिसायला हवा, म्हणून फांद्या उतरवल्या जातात. पानांचा कचरा पडतो म्हणून उतरवल्या जातात. हापूस एक वर्षाआड धरतो, हा त्याचा स्वभाव. तो दरवर्षी धरावा म्हणून मुळाशी औषध ओतणारेही आहेत. बेताने वापरून, पोटाला खत घालून काही जण झाड सांभाळतात हे खरे, पण दरवर्षी ओतायचे आणि खायला मात्र काही घालायचे नाही, असे झाड थकणारच. करवत तीच, फांदी तीच, पडल्याचा आवाजही तोच. बघणाऱ्याला यातली सेवा कोणती आणि लोभ कोणता हे कळणार कसे?

त्या दिवशी कळत नाहीच. मला वाटते ते कळते पुढच्या दोन-तीन वर्षांत.

कारण छाटणी हे एका दिवसाचे काम नव्हे. फांदी जाड असेल तर आधी खालच्या बाजूने थोडी चीर घ्यायची, मग वरून कापायची. नाहीतर फांदी आपल्या वजनाने मोडते आणि बुंध्याची साल सोलत खाली येते. काप तिरका ठेवायचा, म्हणजे पावसाचे पाणी त्यावर साचत नाही. जखमेवर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावायची: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, आणि भांडे लोखंडाचे नको. इतकी वर्षे सावलीत राहिलेल्या खोडाला एकदम ऊन लागले की साल भाजते, म्हणून उघड्या पडलेल्या भागाला चुना द्यायचा. मग कापलेल्या टोकांभोवती डझनाने फुटवे येतात. बघून आनंद होतो, आणि खरी परीक्षा तिथेच असते. सगळे ठेवले तर चार वर्षांत पुन्हा तीच गर्दी. बाहेरच्या बाजूला जाणारे चार-सहा जोमदार ठेवून बाकीचे कोवळे असतानाच काढायचे. बुंध्यावर कलमाचा सांधा कुठे आहे ते ओळखून ठेवायचे. सांध्याखालून फुटते ते हापूस नसते, ज्या रायवळ रोपावर कलम बांधले त्याचे ते असते. ते तरारून वाढते, दिसतेही सुंदर, आणि ठेवले तर वरच्या कलमाला मागे सारते. म्हणून छाटायचे तेही सांध्याच्या वरच. आजोबांनी बांधलेला जोड आपण राखायचा, एवढी मर्यादा करवतीलाही आहे.

शेणखत बुंध्याशी ओतायची आपल्याला सवय असते. खाणारी बारीक मुळे तिथे नसतात, ती फांद्यांच्या घेराखाली लांब पसरलेली असतात. चर तिकडे खणायचा. आणि एवढे सगळे करून पहिली दोन वर्षे फळ जवळजवळ नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी हळूहळू मोहोर खाली यायला लागतो, हाताला येईल इतका.

समुद्र दिसावा म्हणून कापणारा माणूस त्या दिवशी निघून जातो. जखमेला कोण पेस्ट लावणार, फुटवे कोण विरळणार, हे त्याच्या हिशोबात नसते. सेवा करणाऱ्याचे काम फांदी पडल्यावर सुरू होते, आणि ज्या दोन वर्षांत झाड काहीच देत नाही तेव्हा ते सर्वात जास्त असते. ‘आपण कापतो आहोत ते झाडासाठी की आपल्यासाठी’ असा प्रश्न मनात आला तर मनाला विचारण्यात फार अर्थ नाही, मन सोयीचे उत्तर देते. पुढच्या दोन पावसाळ्यांत मी इथे असणार आहे का, एवढे विचारून पाहावे.

गीतेच्या पंधराव्या अध्यायात वर मूळ आणि खाली फांद्या असलेला संसारवृक्ष येतो आणि तो असंगाच्या शस्त्राने छेदायला सांगितला आहे. माउलींनी त्यावर केलेले विवेचन आपण वाचतो. तो वृक्ष वेगळा आणि वाडीतले कलम वेगळे, हा घोटाळा करू नये. संसारवृक्ष मुळासकट जायचा आहे, कलम राहायचे आहे. मात्र शस्त्राबद्दल जे सांगितले आहे ते वाडीतही उपयोगी पडते असे मला वाटते. असंग म्हणजे पाठ फिरवणे, अशी आपल्यात एक समजूत आहे: झाडाचे काय व्हायचे ते होईल, मी विठ्ठलाचे नाव घेतो. पण त्या दादाकडे पाहा. त्याने फळाची आशा सोडली होती, ‘बाबांचे झाड’ हा अभिमानही थोडा बाजूला ठेवला होता, आणि झाड मात्र सोडले नव्हते. धाकट्याने अभिमान धरला होता आणि झाड सोडले होते. यातला असंग कोण, ते वाचकांनी ठरवावे.

सावतोबांचा संबंध इथे आल्याशिवाय राहत नाही. अरणचे सावता महाराज माळी. पंढरी जवळ असून मळा सोडून ते गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे गेला, असे आपण सांगतो. चित्रांत बहुतेक ते मळ्यात उभे असतात आणि भोवती सगळे हिरवेगार. पण माळ्याच्या हातात खुरपे असते, आणि उपटणे, खुडणे, विरळणे यात त्याचा निम्मा दिवस जातो. त्यांच्या कथेत खुरपे चालल्याचा जो प्रसंग आपण आवर्जून सांगतो, त्यात ते रोपावर चालत नाही. देवाला लपवायला जागा हवी होती, तेव्हा सावतोबांनी ते आपल्या छातीवर चालवले.

नागावकडच्या त्या कलमाला आता दुसरे वर्ष आहे. फळ नाही. तांबूस पालवी आली आहे, खाली दुपारी उन्हाचे कवडसे पडतात, आणि तिथे वहिनीने हळद लावली आहे, पूर्वी तिथे काही येत नसे. धाकटा कार्तिकात पुन्हा येऊन फुटवे विरळून गेला. दोन चांगले फुटवे त्याने चुकून काढले म्हणून दादा चिडला होता, तेवढे भांडण झाले. दादा यंदाही वारीला जाणार आहे.

आपणही निघाल तेव्हा एक लक्षात असू द्या. ज्येष्ठात प्रस्थान ठेवण्याआधी, मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी, छाटलेल्या जखमांवर पेस्टचा आणखी एक हात देऊन घ्या. पहिला हात मेपर्यंत उन्हाने तडकलेला असतो, आणि आपण पंढरीहून परत येईपर्यंत कोकणातला पाऊस उरलेला धुऊन नेतो. घरी राहणाऱ्याला बुंध्याभोवतीचा भुसाही बघायला सांगून ठेवा. पावसात तो लगेच वाहून जातो, म्हणून उघडीप मिळाली की लगेच बघायचा.